इथे दात काढून मिळतात

दोस्तांनो, आपल्या बैठकीत गायरानाचा प्रश्न निघतो, शिष्यवृत्तीचा निघतो, अॅट्रॉसिटीची केस निघते. दातांचा प्रश्न निघत नाही. दात मात्र निघतात. चाळिशीच्या आत आपल्या बायांची तोंडं रिकामी होतात आणि आपण त्याला वय म्हणतो. च्यायला, कॉलनीतली साठीची बाई फुटाणे फोडते आणि आमची माय चाळिशीत भाकर पाण्यात भिजवते. हे वयाचं काम नाही.

माझी माय ऊसतोड कामगार. दिवाळी झाली की कोयता उचलायचा आणि कारखान्याच्या तळावर पाल ठोकायचं. पहाटे तीनला उठायचं, काळा गोड चहा घ्यायचा, मशेरी लावायची नि फडात शिरायचं. मशेरी म्हणजे तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखू. शहरातले डॉक्टर म्हणतात, बायांना व्यसन आहे. आहे ना. पण ते लागलं कुठून? मशेरी भूक मारते, झोप मारते आणि ठणकणारी दाढ घटकाभर बधिर करते. मुकादमाची उचल फिटेस्तोवर दवाखान्यासाठी खाडा करता येत नाही, तोवर डॉक्टरचं काम मशेरी करते. हिरड्या सुटतात त्या नंतर. गालात जखम पडते ती आणखी नंतर. त्या जखमेचं पुढं काय होतं ते बघायचं असेल तर परळच्या फुटपाथवर जा, तिथं गावाकडची माणसं गाल बांधून बसलेली दिसतील.

दात किडतो कसा, हे शाळेच्या पुस्तकात असतं. तोंडात साखर राहिली की जंतू तिचं आम्ल करतात. आम्ल दाताचं वरचं कवच विरघळवतं. छिद्र लहान असताना भरलं तर दात जगतो. किड आत नसेपर्यंत गेली की रूट कॅनाल, आणि खासगीत त्याला आमची महिन्याची मजुरीही पुरत नाही. गंमत बघा, साखरेसाठी ऊस तोडायचा आम्ही आणि तिनं पाडलेलं भोकही आमच्याच दाढेत. 1983 नंतर महाराष्ट्रात विनाअनुदानित कॉलेजांचं पीक आलं. त्यातली किती साखरसम्राटांची आहेत ते तुम्हीच मोजा. दाताची कॉलेजंही त्यातच. आज देशात तीनशेच्या वर दंत महाविद्यालयं आहेत आणि बहुतेक खासगी. दाताचे डॉक्टर हजारोंनी बाहेर पडतात, शहरात एकाच गल्लीत चार पाट्या लागतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात दाताची खुर्ची मी तरी पाहिली नाही.

माय पहिल्यांदा तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गेली तेव्हा मी सोबत होतो. डॉक्टरनं बॅटरी मारून दाढ बघितली. मी म्हणालो, भरता येईल का साहेब? ते म्हणाले, भरायचं सामान नाही, काढून टाकू. काढली. दुसरी ठणकली, काढली. माय म्हणायची, "फुकट काढतेत बाबा, आनखी काय पायजे?" फुकट काढून मिळतात हे खरं. बसवून मात्र मिळत नाहीत.

हे "काढून टाका" नीट ऐका. 2019 साली बीडच्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्याचं गाजलं, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. ती वेगळी गोष्ट नाही. गरिबाचा अवयव दुखला की तो बरा करायचा नसतो, काढायचा असतो. काढला की बाई दुसऱ्या दिवशी कामावर.

आमच्या विहारात वंदना माय घ्यायची. शाळेची पायरी न चढलेली बाई, पण त्रिसरण-पंचशील तोंडपाठ, आवाज वस्तीच्या टोकापर्यंत जायचा. पुढचे दात गेले आणि तिनं वंदना सोडली. त, थ, द, ध. मास्तर शाळेत यांना दंत्य म्हणायचे. बुद्धं म्हणताना जीभ टेकायला जागाच नाही, संघं म्हणताना नुसती हवा. पोरं हसली. माय मागच्या रांगेत जाऊन बसली, पदर तोंडाला. "माझ्या तोंडून धम्म नीट निघंना आता," म्हणाली. भाकरीचं सोडा, भाकर भिजवून खाता येते. हे कशात भिजवायचं?

तोंडाचं आणि आपलं नातं जुनं आहे. पेशवाईत अस्पृश्यांच्या गळ्यात थुंकीसाठी मडकं अडकवलं जायचं, हे बाबासाहेबांनी 1936 च्या 'जातिप्रथेचं निर्मूलन'मध्ये नोंदवलंय. काठियावाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाच्या बाळंत बायकोची हकीकतही त्यांनी सांगितली आहे. ती 1929 ची. डॉक्टरनं थर्मामीटर मुसलमानाच्या हाती दिला, त्यानं शिक्षकाच्या, शिक्षकानं बायकोच्या तोंडात. परत त्याच वाटेनं. बाई वाचली नाही. आज मोजे घालून कुणीही डॉक्टर आपल्या तोंडात बोट घालतो, मान्य. पण एका मिनिटासाठी, पकडीसकट.

खासगी कॉलेजची बसही आमच्या वस्तीत येऊन गेली. मोफत तपासणी, वडापाव, येणं-जाणं. तिथं खुर्च्यांवर बसवलं, नावं लिहून घेतली, जबडे उघडून विद्यार्थ्यांना दाखवले. पंधरा दिवसांनी कळलं की कॉलेजची तपासणी होती, पेशंटांची संख्या दाखवायची होती. पुढच्या महिन्यात बस आली नाही.

2018 ची आयुष्मान योजना दवाखान्यात भरती झालेल्याचा खर्च उचलते. दाढ भरायला कोणी भरती होत नाही. कॅन्सर झाला की कार्ड चालतं. गालात नुसती पांढरी चट्टी होती तेव्हा तोंड उघड म्हणणारा कोणी नव्हता.

आणि हे सगळं फार महाग असतं असं नाही. 1980 च्या दशकात टांझानियात एक पद्धत निघाली. वीज नको, ड्रिल नको. हातातल्या अवजारानं किड खरवडायची आणि एक प्रकारचं सिमेंट भरायचं. शाळेच्या बाकावर झोपवून पोराचा दात वाचवता येतो. ते सिमेंट, किड थांबवणारं चांदीचं औषध आणि फ्लोराइडची पेस्ट जागतिक आरोग्य संघटनेनं 2021 साली अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेत हे होऊ शकतं. आपल्याकडं राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम 2014 पासून आहे. आमच्या शाळेत त्याची गाडी आली ती पोस्टर लावून गेली: दोन वेळा ब्रश करा. ब्रश घरटी एक, तो बापाचा.

आम्ही माहितीच्या अधिकारात तालुक्याच्या दवाखान्याला अर्ज टाकला. दाताच्या डॉक्टरची जागा भरली आहे का, खुर्ची चालू आहे का, वर्षात किती दात काढले, किती भरले. उत्तर एका पानाचं आलं. जागा भरलेली. खुर्ची आहे, कॉम्प्रेसर नादुरुस्त. काढलेल्या दातांचा आकडा महिन्यावार, नीट टाइप केलेला. भरलेल्या दातांच्या रकान्यात आडवी रेघ, बाराही महिने.

अपील टाकलं आहे. तुम्हीही आपापल्या तालुक्यात हेच चार प्रश्न टाका आणि आलेलं उत्तर अंकाच्या पत्त्यावर धाडा. स्टेन्सिल कापायला जागा राखून ठेवली आहे.