सुताराचे पथ्य

गेल्या पावसाळ्यात आमच्या रक्तातील साखर वाढल्याचे निदान झाले आणि डॉक्टरांनी आमच्या हाती एक छापील तक्ता ठेवला. सकाळी काय घ्यावे, दुपारी किती घ्यावे, रात्री कशाला स्पर्शही करू नये, असे सारे त्यात होते. माथ्यावर ठळक अक्षरांत 'डाएट' हा शब्द. सेमिनरीत ग्रीक भाषेची जी थोडीफार ओळख झाली होती, तिच्यामुळे तो शब्द पाहून आम्हांला जुना सोबती भेटल्यासारखे वाटले. मूळ शब्द 'दियाइता'. त्याचा अर्थ केवळ खाणेपिणे नव्हे. अन्न, व्यायाम, झोप, स्नान, एकूण जगण्याची रीत. आपला 'आहारविहार' हा शब्द त्याच्या फार जवळचा.

त्या निमित्ताने जुनी पुस्तके पुन्हा उघडली. इ.स.पू. 460च्या सुमारास कॉस बेटावर जन्मलेल्या हिपोक्रेटिसच्या नावावर सुमारे 60 वैद्यकीय ग्रंथ आहेत. त्यांतील त्याच्या स्वतःच्या हातचे किती, याविषयी विद्वानांत एकमत नाही. (अन्नालाच औषध माना, अशा आशयाचे जे वचन त्याच्या नावे सर्रास सांगितले जाते, ते मात्र यांतील एकाही ग्रंथात नाही.) 'प्राचीन वैद्यक' या ग्रंथाचा कर्ता सांगतो की, वैद्यकाचा उगम रांधण्यात आहे. कच्चे, उग्र अन्न खाऊन माणसे आजारी पडत, मरत. मग त्यांनी धान्य कांडले, दळले, मळले, भाजले आणि आपल्या प्रकृतीला मानवेल असे केले. ज्या तत्त्वज्ञांना सर्व व्याधी उष्ण, शीत, आर्द्र, शुष्क एवढ्यांतच बसवायच्या होत्या, त्यांची तो चांगलीच कानउघाडणी करतो. रोग्याला 'काहीतरी उष्ण घे' असे सांगितले, तर तो विचारणारच, उष्ण म्हणजे नेमके काय?

'आहारविहार' ग्रंथाचा कर्ता नेमका दुसऱ्या टोकाचा. मनुष्य मुळात अग्नी आणि जल यांचा बनलेला आहे, हे जाणल्याशिवाय पथ्य सांगता येणार नाही, असे तो म्हणतो. अन्न आणि श्रम यांचे गुण परस्परविरुद्ध. त्यांचा तोल राहिला की आरोग्य राहिले. पण हाच ग्रंथकार पुढे तिसऱ्या भागात एक मोलाची कबुली देतो. बहुसंख्य माणसांना पोटासाठी जमेल तसे जगावे लागते. सर्व सोडून प्रकृतीची निगा राखत बसणे त्यांना शक्य नाही. म्हणून त्यांच्यासाठी तो ऋतूंनुसार साधे नियम वेगळे सांगतो.

प्लेटोचा सुतार आम्हांला येथे आठवला. 'रिपब्लिक'च्या तिसऱ्या भागात हा सुतार आजारी पडतो. वैद्याने झटपट गुण येणारे औषध दिले तर तो घेतो. लांबलचक पथ्य सांगितले, तर आजारी राहायला आपल्याला सवड नाही, असे म्हणून कामावर निघून जातो. बरा झाला तर जगतो, नाही तर मरून सुटतो. पथ्यावर पथ्ये करीत म्हातारपण गाठणाऱ्या हेरोडिकसची प्लेटोने थट्टा केली आहे. तरुणपणी वर्गात आम्हीही हसलो होतो. आज हसवत नाही. जो कामाचा उरला नाही, त्याच्यावर उपचार करू नयेत, इथपर्यंत प्लेटो जातो, आणि तेथे आमची त्याच्याशी फारकत होते.

मात्र प्लेटोला दोष देताना आमचीच एक गोष्ट मनाला टोचते. आमच्या पॅरिशमधील एका गवंड्यालाही मधुमेह आहे. पथ्य पाळत नाही म्हणून आम्ही त्याला चारचौघांत चार शब्द सुनावले होते. तो एवढेच म्हणाला, "फादर, दुपारी डब्यात असेल ते खायचं." आम्ही ते उद्धटपणाचे मानले.

पर्गामम येथे इ.स. 129मध्ये जन्मलेला गेलन हा मोठा वैद्य, उत्तम वैद्य हा तत्त्वज्ञही असतो असे प्रतिपादन करणारा. तरुणपणी दोन सोबत्यांसह शहरापासून दूर गेला असता काही शेतकऱ्यांनी त्याला मीठ घालून उकडलेले गहू खाऊ घातले. पोटात चिखल साचल्यासारखे झाले; दुसऱ्या दिवशी डोके दुखू लागले, दृष्टी अंधुक झाली. गेलनने मग त्या शेतकऱ्यांनाच विचारले. ते म्हणाले, नाइलाज झाला की आम्ही हेच खातो, आणि आम्हांलाही ते जडच जाते. त्याने ते लिहून ठेवले. दुष्काळात शहरवासी धान्य उचलून नेत आणि खेड्यांतील माणसे कोंब, कंदमुळे खाऊन रोगांना बळी पडत, हेही त्याने नोंदले आहे.

गेल्या रविवारी मिस्सानंतर आम्ही त्या गवंड्याच्या घरी गेलो आणि डब्यात काय असते, ते विचारले. त्याच्या पत्नीने डबा उघडून दाखविला. गच्च दाबून भरलेला भात, कोपऱ्यात सुकटीचे कालवण. "भाकरी करायची तर पहाटे चारला उठावं लागतं, फादर," ती म्हणाली, "पण त्यांना चालत असेल तर करीन." आजवर तिला हे कोणी सांगितलेच नव्हते.