मांजरीचा घास

खाणाऱ्याच्या तोंडाकडे कोणी बघत असेल तर त्याला दिल्याशिवाय आपण जेवू नये, असे आमची आई म्हणते. १९७२ च्या दुष्काळात तिने सुकडीवर दिवस काढले आहेत. त्यामुळे तिच्या म्हणण्याला आमच्या घरात वजन आहे. मग ताटासमोर बसलेल्या मांजरीला नाही कसे म्हणायचे? आमची मुलगी मात्र म्हणते, "आजी, तुझी माया खरी, पण तिचे पोट आपल्यासारखे नाही."

हा वाद घरोघरी असेल, म्हणून चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. आमच्या शेजारच्या बोक्याला रश्श्यात कुस्करलेली भाकरी रोज मिळत असे. एकदा तो मलूल झाला, हिरड्या पांढऱ्या पडल्या. जनावरांच्या डॉक्टरांनी रक्त तपासले आणि दोष कांदा-लसणाचा, असे निदान केले. कांदा-लसूण कच्चा असो, शिजवलेला असो वा मसाल्यातली पूड असो, त्याने मांजरीच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. लक्षणे लगेच दिसत नाहीत, काही दिवसांनी दिसतात. बोका वेळेवर नेला म्हणून वाचला.

दुधाचेही तसेच. पिल्लू मोठे झाले की बहुतेक मांजरींना दुधातली साखर पचत नाही, हगवण लागते. चॉकलेट, द्राक्षे, मनुका देऊच नयेत. शिजवलेल्या हाडांचे टोकदार तुकडे आतड्यात रुततात. खारवलेली सुकी मासळी मिठाने भरलेली असते. आणि ताप आला म्हणून आपली पॅरासिटामॉलची गोळी दिली, तर मांजर दगावू शकते.

मांजर मुळात मांसाहारी. टॉरिन नावाचे द्रव्य तिचे शरीर पुरेसे तयार करू शकत नाही, ते मांस-मासळीतूनच मिळावे लागते. ते कमी पडले तर डोळे आणि हृदय दोन्ही बिघडतात. हृदयाचा हा संबंध १९८७ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिला. तेव्हा नुसत्या दूध-भाकरीवर मांजर पोसली जात नाही. तिला गोड चवसुद्धा कळत नाही. शिऱ्याजवळ ती घुटमळते ती बहुधा तुपाच्या वासाने.

मग आईच्या शब्दाचे काय? तो मोडण्याचे कारण नाही. आता मासळी वा कोंबडी शिजवताना मीठ-मसाला पडण्यापूर्वीच आई दोन तुकडे बाजूला उकडून काढते, काटे-हाडे वेचून ठेवते. कधी उकडलेल्या अंड्याचा तुकडा. तोही वरचा खाऊ म्हणून, दिवसाच्या आहाराच्या दहाव्या हिश्श्याहून कमी. बाकी पोट तिच्या स्वतःच्या अन्नाने भरावे.

आपल्या ताटातले दिले म्हणजेच माया, असे नाही. ज्याला द्यायचे त्याला ते पचेल का, एवढे पाहून दिले तर घेणाऱ्याचे भले होते आणि देणाऱ्याचे मनही राहते. आईला हे पटले आहे. वाचक भगिनींनी फोडणी टाकण्यापूर्वी एवढे ध्यानात ठेवावे, ही विनंती. बांधवांनीही ठेवावे, फोडणी काही फक्त भगिनींनीच टाकायची नसते.