सोन्याच्या गावात जयभीम

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरला जाऊन आलो तेव्हापासून आमच्या घरात एकच विषय चालू होता, तो म्हणजे सोने. पुतणीचे लग्न ठरले. मुलाकडची माणसे आपलीच, बौद्ध, शिकली-सवरलेली. "आम्हाला काही नको, जयभीम!" म्हणून सगळी उठली. पण जिना उतरता उतरता मुलाची मावशी वहिनींच्या कानात सांगून गेली, "मुलीच्या अंगावर पाच तोळे तरी दिसले म्हणजे बरे." २०२५ साली सोन्याचा भाव दहा ग्रॅमला लाखाच्या वर गेला, हे वाचकांना सांगायला नको. आमचे थोरले बंधू गिरणीत होते. गिरणी गेल्यावर त्यांनी वॉचमनची नोकरी केली. १९८२ च्या संपात वहिनींच्या पाटल्या गहाण पडल्या त्या परत आल्याच नाहीत. पाच तोळे म्हणजे काय, ते त्या घराला विचारावे.

पुतणी बंगळूरला कंपनीत नोकरीला. फोनवर रोज सोने, सोने ऐकून ती वैतागली. म्हणाली, "काका, सोन्याचंच बोलायचं तर सगळे इकडे या. मी तुम्हाला सोन्याची खाण दाखवते." पोरीने थट्टेने म्हटले, आम्ही खरे धरले. दादा, वहिनी आणि आम्ही उभयता उद्यान एक्स्प्रेसने निघालो आणि रविवारी सकाळी पुतणीला घेऊन मारीकुप्पमच्या गाडीत बसलो.

बंगळूरपासून हे गाव पूर्वेला सुमारे शंभर किलोमीटर. बंगारपेठ जंक्शनला मुख्य रेल्वेमार्ग सोडून एक फाटा आत वळतो. ब्रिटिशांनी खास खाणीसाठी १८९४ साली घातलेला हा फाटा. पुढची स्टेशने कोरोमंडल, ऊरगाम, चॅम्पियन आणि शेवटचे मारीकुप्पम. नावे वाचून दादा म्हणाले, "आपल्याकडं करी रोड, तसं इकडं चॅम्पियन." गाडी आमच्या दिशेला रिकामीच होती. शेजारच्या बाईंनी सांगितले की इतर दिवशी पहाटे उलट्या दिशेची गाडी बघा, पाय ठेवायला जागा नसते. खाण बंद झाल्यापासून गावातली तरुण पोरे रोज बंगळूरला कामाला जातात आणि रात्री झोपायला परत येतात. कर्जत-कसाऱ्याच्या लोकांना हे वेगळे सांगायला नको.

२०१८ साली केजीएफ नावाचा सिनेमा निघाला तेव्हापासून हे नाव पोराटोरांच्या तोंडी आहे. सिनेमातला तो मारामारीचा केजीएफ डोक्यात ठेवून कोणी इथे येऊ नये. खऱ्या कोलार गोल्ड फील्ड्समध्ये उतरल्यावर पहिल्यांदा दिसतात त्या राखाडी टेकड्या. वर सपाट, कडेला पावसाने ओघळ पडलेल्या, गवताचे पातेही नसलेल्या. आम्हाला वाटले डोंगर आहेत. पुतणी म्हणाली, हा डोंगर नाही, ही खाणीची राख आहे. लोक त्यांना सायनाइड डम्प म्हणतात. जमिनीखालून काढलेला दगड गिरणीत दळून पिठासारखा बारीक करायचा, त्या पिठावर सायनाइडचे पाणी सोडायचे म्हणजे त्यात सोने विरघळते, मग जस्ताच्या भुकटीने ते पाण्यातून वेगळे करायचे आणि वितळवून वीट ओतायची. सोने गेले, पीठ राहिले. असे तीन कोटी टनांच्या वर पीठ इथे साठून आहे. वारा सुटला की ते उडते आणि वस्तीत भांड्यांवर, अंथरुणावर, पोरांच्या नाकातोंडात जाते.

टेकड्यांच्या मध्ये लोखंडी मनोरे उभे आहेत, वर मोठी चाके. त्या चाकांवरून दोर जायचा आणि दोराला बांधलेला पिंजरा माणसांना खाली सोडायचा. चॅम्पियन रीफची खाण जमिनीखाली तीन किलोमीटरहून खोल गेली होती. जगातल्या सर्वांत खोल खाणींत तिची गणना होती. तिथला खडक इतका तापतो की त्याला हात लावता येत नाही. वरून गार हवा सोडूनच माणसे काम करू शकत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी याच खोलीत यंत्रे मांडून १९६५ साली न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण टिपले. कुलाब्याचे विद्वान आणि खाणीचे कामगार एकाच पिंजऱ्यातून खाली जात असतील, ही आमची आपली कल्पना.

या जागेची कथा जुनी आहे. १८०२ साली जॉन वॉरन नावाच्या इंग्रज लेफ्टनंटने ऊरगामच्या गावकऱ्यांना माती धुऊन सोन्याचे कण काढताना पाहिले. म्हणजे सोने इंग्रजांनी शोधले असे पुस्तकात लिहितात, पण त्याला ते दाखवले धुणाऱ्या हातांनी. १८८० पासून लंडनच्या जॉन टेलर कंपनीने खोल खाणी काढल्या. १९०२ साली कावेरीवरच्या शिवनसमुद्रहून खाणीसाठी वीज आणली, ती पुष्कळशा मोठ्या शहरांच्या आधी. साहेबांच्या बंगल्यांत दिवे लागले, क्लब झाला, गोल्फचे मैदान झाले. लोक या गावाला लिटल इंग्लंड म्हणू लागले. कामगार राहत होते बांबूच्या चटयांच्या झोपड्यांत.

आणि हे कामगार कोण? बहुतेक तमिळ मुलखातून आलेले आपले बांधव, आदिद्रविड. गावच्या जमीनदाराच्या शेतात पिढ्यान्‌पिढ्या राबणारी माणसे जीव धोक्यात घालून जमिनीखाली उतरली. गावात जे होते त्यापेक्षा ते बरे वाटले म्हणून. तमिळ मुलखात त्या वेळी काय चालले होते ते बघा. १९३० च्या डिसेंबरात रामनाड जिल्ह्यात कळ्ळर लोकांनी आदिद्रविडांवर आठ बंध्या घातल्या. त्यातली पहिलीच ही की त्यांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत. ज्यांनी ऐकले नाही त्यांच्या झोपड्या जाळल्या.

आपल्याकडेही वेगळे नव्हते. २७ डिसेंबर १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी आपल्या आयाबायांपुढे भाषण केले. गळ्यात गळसऱ्यांचे ओझे, कोपरापर्यंत कथलाचे नि चांदीचे गोट, ही अस्पृश्याची ओळख आहे, ती टाका, दागिना घालायचाच तर सोन्याचा घाला, नाही तर घालू नका, असे त्यांनी सांगितले. आमची आजी महाडकडचीच. तिच्या दंडावर त्या गोटांचे वण शेवटपर्यंत होते. गोट काढले त्या रात्री हात हलका लागून झोप आली नाही, असे ती सांगायची. आणि महाडला हे झाल्यानंतर आठवड्याभरातच, ४ जानेवारी १९२८ ला टाइम्स ऑफ इंडियात बातमी आली की इंदूर जिल्ह्यातल्या गावांत सवर्णांनी बलाई बायकांना सोन्याचांदीचे दागिने घालायला मनाई केली आहे. बाबासाहेबांनी ती हकीकत 'जातिनिर्मूलन'मध्ये नोंदवली आहे. तेव्हा सोने अंगावर घालणे हा आपल्यासाठी नुसता शौक नव्हता, हे आजच्या मुलींनी ध्यानात घ्यावे. आमची पुतणी दागिन्यांवर नाक मुरडते, तेव्हा आम्ही तिला हेच सांगतो. ती म्हणते, "काका, आजीला घालू देत नव्हते, मला घालायलाच लावतात." यावर आम्हाला पटकन उत्तर सुचले नाही.

चॅम्पियन रीफच्या वस्तीत शिरलो. एकाला एक चिकटलेल्या खोल्या, पुढे हातभर ओटा, नळावर हंड्यांची रांग. एका दारावर बाबासाहेबांचा फोटो पाहून दादांनी मोठ्याने "जयभीम" केला. आतून तितक्याच मोठ्याने "जयभीम, वांगो, वांगो!" आले. वांगो म्हणजे या. घरचे आजोबा पंचाहत्तरीच्या पुढचे, खाणीत तीस वर्षे काढलेले. पुतणी त्यांना ताता म्हणू लागली. त्यांची थोडी हिंदी, पुतणीची थोडी कन्नड आणि उरलेले हातवारे.

ताता सांगत होते की त्यांचे आजोबा आणि वडीलही खाणीतच होते. १९३० साली कंपनीने सगळ्या कामगारांच्या बोटांचे ठसे घ्यायचा हुकूम काढला, गुन्हेगारांचे घेतात तसे. कामगारांनी संप केला आणि तो हुकूम मागे घ्यायला लावला. संपाचे ऐकून दादा पुढे सरकून बसले. गिरणीची गोष्ट त्यांनी सांगितली, खाणीची तातांनी. ही खाण १९५६ साली सरकारने घेतली आणि २८ फेब्रुवारी २००१ ला बंद केली. शेवटी टनभर दगडामागे तीन-चार ग्रॅम सोने निघायचे, काढायचा खर्च जास्त. एकूण सव्वाशे वर्षांच्या आसपास या जमिनीने आठशे टनांहून अधिक सोने दिले.

"तुम्ही किती सोने पाहिलेत?" वहिनींनी विचारले. ताता हसले. पांढऱ्या दगडात कधीतरी चमक दिसायची, तेवढेच. सुट्टी झाली की अंगझडती, मगच घरी. वीट झालेली त्यांनी कधी पाहिली नाही. बोलताना मधे मधे थांबत होते, धाप लागत होती. दगडाची धूळ छातीत बसते, तिला सिलिकोसिस म्हणतात. त्यांच्या जोडीच्या बऱ्याच जणांना ती घेऊन गेली. खडक आपोआप फुटून गाडले गेले ते वेगळेच. अम्मांच्या कानांत बारीक काडी होती. कानातले, ज्याला ते कम्मल म्हणतात, नातवाच्या कॉलेजच्या फीसाठी रॉबर्टसनपेटला गहाण होते. भोके बुजू नयेत म्हणून काडी. वहिनी बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

मग तातांनी आम्हाला वस्तीतल्या विहारात नेले. लहानसे, स्वच्छ. इथे एक गोष्ट आम्हाला नव्याने कळली. बाबासाहेबांच्या १९५६ च्या दीक्षेच्या अर्धे शतक आधी या खाणकामगारांत बौद्ध धम्म पोहोचला होता. मद्रासच्या पंडित अयोत्ती दास यांनी १८९८ साली सिलोनला जाऊन दीक्षा घेतली आणि शाक्य बौद्ध संघ काढला. आदिद्रविड हे मूळचे बौद्धच, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्या संघाची शाखा मारीकुप्पमला झाली. १९१४ ला ते गेल्यावर त्यांचे 'तमिळन' हे पत्र पुढे याच गावातून निघाले आणि त्यांचे ग्रंथही इथल्या सिद्धार्थ पुस्तकशाळेने छापले. पगार किती, राहायला चटईची झोपडी, आणि छापखान्याला वर्गणी! १९५४ साली बाबासाहेब इथे आले, तेव्हा ताता वडिलांच्या खांद्यावर बसून सभेला गेले होते. भाषण आठवत नाही, गर्दी आठवते. पुढे इथून रिपब्लिकन पक्षाचे आमदारही निवडून गेले. आम्ही सगळ्यांनी मिळून त्रिशरण पंचशील घेतले. पाली शब्द तेच, चाल थोडी वेगळी. तेवढा वेळ भाषेची अडचण राहिली नाही.

परतीच्या गाडीत वहिनींनी हातातली एकुलती पाटली फिरवत विचारले, ही एक तोळ्याची, तर हिला किती दगड लागला असेल? दादांनी हिशोब केला. टनाला साडेतीन ग्रॅम धरले तर तोळ्याला तीन टनांच्या आसपास. पाच तोळ्यांना चौदा-पंधरा टन, म्हणजे दोन ट्रक. "दोन ट्रक दगड माझ्या अंगावर घालणार तुम्ही?" पुतणी म्हणाली. वहिनींनी तिच्याकडे नुसते पाहिले. बंगारपेठ आले तरी बोलणे चालूच होते. वहिनींचे म्हणणे, मुलीजवळ अडीनडीला स्वतःचे काही असावे, संपात पाटल्या नसत्या तर चूल पेटली नसती. ते काही खोटे नाही. दादांचे म्हणणे, व्याजाने पैसे काढून घेतलेले सोने पहिल्याच अडचणीला सावकाराकडे परत जाते. तेही खोटे नाही. शेवटी पुतणीने मोबाइल काढला, मुलाला फोन लावला आणि आमच्या सगळ्यांच्या देखत सांगितले की मावशींना कळवा, माझ्या अंगावर एक तोळा येईल, तोही माझ्या पगारातून, आणि उरलेल्या पैशांचे खाते माझ्या नावावर राहील. पलीकडून काय उत्तर आले ते आम्हाला ऐकू आले नाही. ती खिडकीकडे तोंड करून बराच वेळ हळू बोलत होती.

ज्यांच्या घरी खरेदी व्हायची आहे त्यांच्यासाठी इथेच सांगतो. बावीस कॅरेट म्हणजे शंभरात ९१.६ भाग सोने, म्हणून दागिन्यावर ९१६ असते. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर बीआयएसची खूण, शुद्धता आणि सहा अक्षर-अंकांचा वेगळा क्रमांक असावा लागतो. हा क्रमांक बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. सराफाकडून पक्की पावती घ्यावी, त्यात सोन्याचे वजन आणि घडणावळ वेगवेगळी लिहून घ्यावी. खड्यांचे वजन सोन्यात धरू देऊ नये.

आणि केजीएफला जाणाऱ्यांनी मुक्काम बंगळूरलाच करावा. मारीकुप्पमच्या गाड्या थोड्या आहेत, परतीची वेळ आधी पाहून ठेवावी. खाणींच्या आवारात आत सोडत नाहीत. टेकड्यांवर मुलांना चढू देऊ नये, तोंडाला रुमाल असावा. निघताना घरातले एखादे मराठी धम्माचे पुस्तक बरोबर ठेवा. तातांनी आम्हाला अयोत्ती दासांचे तमिळ पुस्तक दिले, आणि आमच्याकडे त्यांना द्यायला काहीच नव्हते.