न बांधलेल्या घरातला उन्हाळा

अहमदाबादला लोक जातात ते थंडीत. पतंगांचा उत्सव पाहावा, उंधियूवर ताव मारावा, साबरमतीच्या आश्रमात घटकाभर बसावे आणि दोन बांधणीच्या साड्या घेऊन गुजरात मेलने परतावे, असा शिरस्ता आहे. आम्ही उभयता गेलो ते मात्र भर वैशाखात. भाचा तिथे सेप्ट विद्यापीठात आर्किटेक्चर शिकतो, त्याचाच आग्रह. म्हणाला, "मामा, घराची परीक्षा उन्हाळ्यात होते. थंडीत काय, सगळीच घरं पास!" परीक्षेचे नाव काढल्यावर प्राध्यापक घरी कसा बसेल?

सकाळी त्याने आम्हांला जुन्या शहरातली एक पोळ दाखवली. पोळ म्हणजे आपल्याकडची आळी. खाण्याच्या पोळीशी तिचे नाते नाही. १४११ साली अहमदशहाने वसवलेल्या या शहराला २०१७ साली युनेस्कोने जागतिक वारशाचा मान दिला. आम्हांला मात्र जाणवला तो गारवा. घरे एकमेकांना खेटून उभी. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती, म्हणून ऊन लागायचे ते अरुंद दर्शनी भागाला आणि छपराला. मधोमध आभाळाला उघडा चौक, त्याखाली पावसाच्या पाण्याचे टाके. रात्रीची गार हवा जड. ती चौकात उतरते आणि घरभर पसरते. तिथल्या वृद्ध बाईंनी ताकाचे पेले पुढे ठेवले आणि रस्त्याकडच्या खिडक्या एकेक करून लावून घेतल्या. ऊन चढण्याआधी खिडक्या मिटायच्या, दिवेलागणीनंतर उघडायच्या, हा त्यांचा नित्यनेम. सासूने शिकवलेला, सासूला तिच्या सासूने.

दुपारी भाच्याने विद्यापीठातल्या संगणकावर एक घर दाखवले. ते बांधलेले नव्हते आणि बांधले जाणारही नव्हते. अभ्यासासाठी मांडलेले, सर्वांत वरच्या मजल्यावरचे दोन खोल्यांचे बिऱ्हाड. तरी त्यात उन्हाळा सुरू होता! याला ते लोक सिम्युलेशन म्हणतात. आपण घराची रंगीत तालीम म्हणू. भिंतींची जाडी, विटांचा प्रकार, खिडक्यांची मापे आणि दिशा हे सारे संगणकाला सांगायचे. मग त्या गावच्या हवामानाचे एक वर्ष तासातासाने, म्हणजे ८,७६० तासांचे, त्याच्या हवाली करायचे. संगणक वाण्याच्या चोखपणाने प्रत्येक तासाचा जमाखर्च लिहितो. काचेतून आलेले ऊन जमा, भिंतीतून झिरपलेली उष्णता जमा, दिवे आणि शेगडी जमा. स्वस्थ बसलेला माणूसही सुमारे शंभर वॉटच्या दिव्याइतकी उष्णता देतो; तीही जमा. वाऱ्याबरोबर बाहेर गेली ती खर्च. उरेल ते खोलीचे तापमान. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने २००१ साली आणलेला 'एनर्जीप्लस' हा असाच एक हिशेबनीस, आणि तो फुकट मिळतो.

भाच्याने पश्चिमेची खिडकी उत्तरेला नेली. संध्याकाळचा ताप उतरला. गच्चीला पांढरा रंग दिला, आणखी उतरला. अहमदाबाद कर्कवृत्ताला लागूनच, त्यामुळे जूनमधला मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि सर्वांत मोठा मार छपराला बसतो. काँक्रीट नि विटा ती उष्णता सावकाश आत सोडतात. दुपारचे ऊन रात्री घरात पोहोचते. आमच्या सौभाग्यवतींना हे पटवावे लागले नाही. त्यांचे माहेर गिरगावात, वरच्या मजल्यावर.

मात्र त्यांनीच नेमका प्रश्न विचारला. "पण खिडक्या केव्हा लावायच्या, हे याला कोण सांगतं?"

"आपणच, मामी," भाचा म्हणाला. "तेच चुकलं तर सगळा हिशेब चुकतो."

माणसाला किती उष्मा सुखाचा वाटतो, हेही संगणकाला बाहेरूनच सांगावे लागते. १९७० साली डेन्मार्कच्या फँगर यांनी या सुखाचे समीकरण मांडले. तिकडच्या आणि अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना खास खोल्यांत बसवून केलेल्या प्रयोगांवर ते उभे होते. पुढे सेप्टच्याच संशोधकांनी आपल्या देशातल्या पाच शहरांत, तीन ऋतूंत, कार्यालयांत काम करणाऱ्यांना विचारले आणि सहा हजारांवर उत्तरे जमवली. निष्कर्ष असा, की खिडक्या उघडणाऱ्या इमारतींत बाहेरची सरासरी एका अंशाने चढली, तर माणसाची सुखाची रेघही सुमारे अर्ध्या अंशाने वर सरकते. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत ही पद्धत आली. परक्या मुलखातला माणूस घरात बसवला, तर संगणक लगेच एअरकंडिशनर मागतो; आपला माणूस बसवला, तर पुष्कळ तास पंखा आणि खिडकी यांवर भागते.

पण सोसण्यालाही सीमा असते. मे २०१० मध्ये या शहरात पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या महिन्यात नेहमीपेक्षा तेराशेंहून अधिक मृत्यू झाल्याचे अभ्यासकांनी मोजले. इथल्या एका रुग्णालयात बाळंतिणींचा कक्ष वरच्या मजल्यावर होता. पुढे तो खाली हलवला, तेव्हा उष्णतेने आजारी पडून दाखल होणाऱ्या तान्ह्यांचे प्रमाण निम्म्याहून कमी झाले. औषध नवे नव्हते. फक्त मजला बदलला होता. २०१३ साली शहराने उष्णतेपासून बचावाची योजना आखली, ती अशा दुःखांतून.

तो कक्ष कधीतरी कोणीतरी कागदावर काढला असेल. त्या कागदावरच एक उन्हाळा काढून पाहिला असता, तर!

आपण लग्नाआधी पत्रिका पाहतो, रेशमी साडी घेताना पदर उजेडात धरतो. आणि जन्माची पुंजी घालून ब्लॉक घेताना विचारतो काय, तर स्टेशन किती लांब! दिवाळीच्या मुहूर्तावर कोणी घर नोंदवणार असेल, तर त्याने एवढे जरूर विचारावे: पश्चिमेला काय आहे, गच्चीवर काय घातले आहे, आणि या घराचा उन्हाळा कोणी आधी मोजून पाहिला आहे का? मोजणाऱ्याला हेही सांगावे, की भर दुपारी घरात असतात त्या आजी, असते शेगडीपाशी उभी गृहिणी आणि पाळण्यातले मूल. हिशेब त्यांचा मांडायचा आहे.