भाड्याची माणसं

२७ डिसेंबर, रिचमंड
अमेरिकन यादवी युद्ध म्हणजे मुंबईतली कापसाची तेजी, एवढंच शाळेत शिकलो होतो. आज जेम्स नदीकाठचा ट्रेडेगर लोखंड कारखाना पाहिला. उरलेल्या विटांच्या इमारतींत आता संग्रहालय आहे. दक्षिणेच्या फौजेच्या सुमारे अकराशे तोफा इथल्या. ‘व्हर्जिनिया’ या चिलखती जहाजाचे पत्रेही इथलेच. लोक तोफांसोबत फोटो काढत होते. त्या ओतणारे कोण, हे विचारावंसं वाटलं.

२८ डिसेंबर
मालक जोसेफ रीड अँडरसन. १८४७ साली भट्टीवरच्या गोऱ्या कारागिरांनी गुलामांना हे काम शिकवायला नकार दिला, संप केला. अँडरसनने संपकऱ्यांनाच काढलं. गुलाम संप करत नाहीत, हा त्याचा हिशेब. युद्धात गोरे कारागीर कमी पडू लागले, तेव्हा हाच हिशेब वाढवला. सगळे गुलाम विकत कशाला घ्यायचे? भाड्याने मिळत होतेच.

३० डिसेंबर
व्यवहार वर्षाचा. ख्रिसमसला साल संपे, गुलाम आठवडाभर बायकापोरांकडे जाई आणि १ जानेवारीच्या सुमारास पुन्हा कुणाच्या तरी नावे लागे. भाड्याने घेणारा मूळ मालकाला प्रॉमिसरी नोट लिहून देई. अन्न, उन्हाळी-हिवाळी कपडे, बूट, घोंगडी, सगळं त्यात नमूद. काही मालक अट घालत: खाणीत उतरवायचं नाही. वाचताना क्षणभर माया वाटते. ती भांडवलाची काळजी. आपल्याकडे सालगड्याचं साल पाडव्याला ठरतं. उचलीखाली दबलेला का असेना, गडी स्वतः समोर बसलेला असतो. इथे ज्याच्यासाठी कागद, त्याची सही नाही, अंगठाही नाही.
मजुरी दिली जात होती. घेणारा दुसरा होता.

३१ डिसेंबर
नेमून दिलेल्यापेक्षा जास्त काम केलं, तर त्याचे पैसे गुलामाच्या नावे जमा होत. व्हर्जिनियातल्याच बफेलो फोर्ज या दुसऱ्या लोखंड कारखान्यातल्या सॅम विल्यम्स या गुलाम लोहाराचं तर बँकेत बचत खातं होतं. काहींना यात गुलामीची सौम्य बाजू दिसते. मला दिसते चाबकापेक्षा स्वस्त पडणारी युक्ती. खातेदार स्वतःच दुसऱ्याच्या मालमत्तेच्या यादीत!

१ जानेवारी
याच दिवसांत ही भाडी ठरत. कागदी नोटांची किंमत घसरली तशी ती चढत गेली. धान्य, कातडं मिळेना, तेव्हा ट्रेडेगरने स्वतःची टॅनरी आणि बूट शिवण्याचं दुकान काढलं. ट्रेडेगरच्या डोंगरातल्या भट्ट्यांवरून, उत्तरेची फौज जवळ आली की माणसं पळत. फेब्रुवारी १८६४ मध्ये दक्षिणेत कायदाच झाला: लष्करी कामासाठी वीस हजारांपर्यंत गुलाम घेता येतील, त्यातला कुणी शत्रूकडे पळाला वा मेला, तर भरपाई मालकाला. मेलेल्याच्या बायकोचा त्यात उल्लेख असण्याचं कारणच नव्हतं.

२ जानेवारी
३ एप्रिल १८६५ रोजी रिचमंड पडलं. शहर जळत असताना कारखान्याच्या लोकांनी पहारा देऊन ट्रेडेगर वाचवलं. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी अँडरसनला माफी दिली आणि कारखाना पुन्हा त्याच्या हाती आला. भट्टीवर राबलेल्यांना मागच्या वर्षांच्या भाड्यातला एक डॉलरही मिळाला नाही.