किनाऱ्यावरचे सहा तास

क्रूझचं बुकिंग झालं त्याच संध्याकाळी मी कोपऱ्यावरच्या दुकानातून दोनशे पानी वही आणली. मे २०२४ मधली आठवड्याभराची भूमध्य समुद्रातली सफर होती. बार्सिलोनाहून निघायचं, परत बार्सिलोनालाच यायचं आणि मध्ये पाच बंदरं : पाल्मा, मार्सेय, ला स्पेझिया, चिवितावेकिया आणि नेपल्स. माणसं चार. मी, माझे यजमान, दहा वर्षांचा चिरंजीव आणि अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई.

सासूबाई सातारा जिल्ह्यातल्या एका गावात प्राथमिक शिक्षिका होत्या. निवृत्तीच्या पैशांतली एक मुदत ठेव त्यांनी या प्रवासासाठी मोडली. ‘माझं तिकीट माझ्या पैशानं,’ असं त्यांनी ठणकावून सांगितलं. तेव्हा त्यांचा एकही पैसा वाया जाऊ द्यायचा नाही, प्रत्येक ठिकाणी पाहण्यासारखं असेल ते सगळं त्यांना दाखवायचं, असा मी चंगच बांधला.

बोटीचा प्रवास न केलेल्या माणसाला वाटतं, बोट रोमला जाते. मलाही तसंच वाटत होतं. वही घेऊन बसले तेव्हा कळलं की बोट लागते चिवितावेकियाला, आणि तिथून रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर. माहितीपत्रकात छापलेलं असतं ‘फ्लॉरेन्स’, पण बोट असते ला स्पेझियाच्या धक्क्यावर. तिथून फ्लॉरेन्स म्हणजे जवळजवळ पुणे-मुंबई अंतर. सकाळी पुण्याहून निघून मुंबई पाहून संध्याकाळी परत, असा तो दिवस. मार्सेयला गाव तेच, पण क्रूझचा धक्का जुन्या बंदरापासून काही किलोमीटर दूर. एकटं नेपल्स असं, की बोटीतून उतरून रस्ता ओलांडला की समोर किल्ला.

दुसरी फसगत वेळेची. पत्रकात लिहिलं होतं, सकाळी ७ ते संध्याकाळी ७. बारा तास! पण सातला बोट लागते, माणसं उतरेपर्यंत आठ-सव्वाआठ होतात. सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधी सगळ्यांना वर यावं लागतं. चिवितावेकियाला बंदरातल्या बसनं बाहेर यायचं, मग स्टेशन गाठायचं, मग तासभर आगगाडी. परतीला तेच उलटं, शिवाय गाडी चुकली तर म्हणून तासभर हाताशी राखून ठेवायचा. बारातून हे सगळं वजा केलं की रोमसाठी उरतात जेमतेम सहा तास.

राखीव तास का, तर बोट थांबत नाही. बोटीच्या कंपनीकडूनच सहल घेतली असेल तर उशीर झाल्यावर तिची जबाबदारी कंपनी घेते. आपलं आपण गेलेल्यांसाठी कोणी खोळंबत नाही, पुढच्या बंदरापर्यंत स्वखर्चानं जायचं. म्हणून मी सर्वांत लांबच्या फ्लॉरेन्ससाठी कंपनीची महागडी सहल घेतली आणि बाकी ठिकाणी स्वतःच फिरायचं ठरवलं. हा हिशोब अजूनही मला बरोबर वाटतो. पासपोर्टच्या प्रती, बंदरातल्या एजंटचा फोन नंबर, कोलोसियमची दुपारी २ ची तिकिटं, सगळं वहीत चिकटवलेलं होतं. यजमान म्हणाले, ‘अगं, रेल्वेचं वेळापत्रक काढतेस की काय!’ मला ते कौतुकच वाटलं.

पहिले तीन दिवस वहीप्रमाणे पार पडले. पाल्माचं कॅथेड्रल, मार्सेयच्या टेकडीवरचं चर्च, बुधवारी फ्लॉरेन्स. सासूबाई न कुरकुरता चालत होत्या. मात्र जेवण कमी झालं होतं, आणि फ्लॉरेन्सहून आल्यावर त्यांच्या पायात नेहमीची सपाता जाईना. घोटे सुजले होते. ‘चालून सुजले असतील आई, पायाखाली उशी घेऊन झोपा,’ असं म्हणून मी वहीतलं रोमचं पान उघडलं.

गुरुवारी रोमला ऊन रणरणत होतं. आधी सेंट पीटर्स, तिथली सुरक्षा तपासणीची लांबलचक रांग, मग टॅक्सीनं कोलोसियम. रोमच्या रस्त्यांवर बिडाचे छोटे नळखांब आहेत. त्यांच्या वाकड्या तोटीमुळे लोक त्यांना ‘नासोनी’, म्हणजे मोठी नाकं, म्हणतात. पाणी चांगलं पिण्याजोगं, गार आणि फुकट. चिरंजीव प्रत्येक नाकाशी थांबून पाणी पीत होता. सासूबाईंना बाटली भरून दिली की त्या ओठ ओले करून परत देत.

कोलोसियमच्या बाहेर पावणेदोनच्या सुमारास त्या एका दगडावर बसल्या. चेहरा पांढराफटक, हाताला गार घाम. ‘थोडं गरगरतंय. तुम्ही या जाऊन आत, मी बसते इथं,’ म्हणाल्या. खरं सांगते, त्या क्षणी माझी नजर आधी घड्याळाकडे गेली. दोनची वेळ, चार तिकिटं. यजमानांनी काही न बोलता टॅक्सीला हात केला.

संध्याकाळी बोटीवर त्या पडल्या होत्या. शाल काढायला मी त्यांची बॅग उघडली, तर वर गोळ्यांची डबी. सात वारांचे सात खण असलेली, मीच आणून दिलेली. रक्तदाबाची गुलाबी गोळी रोज घेतलेली होती. पण सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार या चारही खणांत बारीक पांढरी गोळी तशीच. लघवीची गोळी.

‘आई, हे काय?’

त्यांनी आधी भिंतीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाल्या, ‘ती घेतली की दर पाऊण तासाला जावं लागतं. तुझ्या वहीत कुठं आहे तेवढी सवड?’

‘मग मला सांगायचं ना!’

‘काय सांगायचं? मुलासमोर, नातवासमोर सारखं तेच? आणि एवढा खर्च केलाय, एवढं तू ठरवलंयस. शाळेत पहिली वीस वर्षं मी काय केलं? बायकांसाठी सोयच नव्हती. सकाळी चहा पिऊन निघायचं आणि पाणी प्यायचं ते घरी आल्यावर. सवय असते गं.’

म्हणजे गेले चार दिवस त्यांनी गोळीही बंद केली होती आणि पाणीही. दोन्ही धोक्याचं. मी पत्रकारितेची पदविका घेतलेली बाई. कोण, काय, कुठे, केव्हा हे पहिल्याच आठवड्यात आमच्याकडून घोटून घेतलं होतं. माझ्या वहीत कुठे आणि केव्हा खच्चून भरलं होतं.

बोटीवरच्या डॉक्टरांनी तपासलं. रक्तदाब वाढला होता, शरीरात पाणी कमी पडलं होतं, पण वेळ गेलेली नव्हती. (त्यांचं बिल मात्र पाहण्यासारखं होतं. प्रवास विम्याचे कागद हाताशी ठेवा.) दुसऱ्या दिवशी आमच्या घरच्या डॉक्टरांना फोन लावला तेव्हा भारतात साडेनऊ वाजले होते आणि बोटीवर सहा. ते आधी रागावले. मग सगळं विचारून घेतलं आणि उतरायच्या दिवशी ती गोळी सकाळऐवजी दुपारी चारला, बोटीवर परतल्यावर घ्यायला सांगितली. ‘ही वेळ तर मी निघण्याआधीच बदलून दिली असती, विचारलंत का?’ म्हणाले. आता हे त्यांनी सासूबाईंची तब्येत ओळखून सांगितलेलं, बरं का. ज्याच्या त्याच्या गोळीची वेळ ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनीच ठरवायची.

शुक्रवारी नेपल्स. वहीत पाँपेई होतं. मी यजमानांना आणि चिरंजीवाला तिकडे पाठवलं आणि वही उलटी धरून मागच्या पानापासून नवी यादी केली. बोटीच्या टर्मिनलच्या इमारतीत एक. मोठ्या स्टेशनांवर असतात, पण नाणं लागतं, तेव्हा सुटे युरो वेगळ्या पाकिटात. संग्रहालयांत असतातच. आणि बाकी सगळीकडे बार.

‘बारमध्ये? मी?’ सासूबाई उठूनच बसल्या.

इटलीत बार म्हणजे आपल्याकडच्यासारखा बार नव्हे, कॉफी-पावाचं दुकान. उभ्याउभ्या कॉफी घ्यायची आणि त्यांचं स्वच्छतागृह वापरायचं. त्यांना पटेपर्यंत न्याहारी संपली. मग मी त्यांना वाक्य शिकवलं, ‘दोव्वे इल बान्यो?’ बाथरूम कुठे आहे? शिक्षिकाच त्या, चार वेळा घोकून पाठ केलं. कोलोसियम बांधायला घेणाऱ्या व्हेस्पाशियन बादशहानं मुतारीतल्या मुतावर कर बसवला होता आणि म्हणून इटलीत जुन्या सार्वजनिक मुताऱ्यांना त्याचंच नाव पडलं, हे सांगितल्यावर तर त्या पोट धरून हसल्या. दोन दिवसांत पहिल्यांदाच.

किल्ल्यावरून आम्ही सावकाश गालेरिया उम्बेर्तोत गेलो. वर काचेचा भलामोठा घुमट, खाली संगमरवरी फरशी आणि सावली. एका बारमध्ये टेबलाशी बसलो. बसून घेतलं की उभ्यापेक्षा जास्त पैसे पडतात, पडू देत. काचेच्या कपाटात शिंपल्याच्या आकाराचा, पापुद्र्यांचा पदार्थ होता, स्फोल्यातेल्ला. सासूबाई नाक लावून बघत राहिल्या. ‘चिरोटाच की गं हा. आत काय भरलंय?’ रवा आणि चीज, मी सांगितलं. पारीत बहुतेक ठिकाणी डुकराची चरबी घालतात हे वाचलेलं असल्यामुळे खाल्ला मात्र नाही. पण साटा कसा लावत असतील, पदर कसे सुटत असतील, यावर आमची पाऊण तास चर्चा झाली. तेवढ्यात त्या उठल्या, थेट वेटरसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि वर्गात हजेरी घ्यावी तशा खणखणीत आवाजात म्हणाल्या, ‘दोव्वे इल बान्यो?’ अख्ख्या बारनं वळून पाहिलं. परत आल्यावर मला म्हणाल्या, ‘स्वच्छ आहे. तूही जाऊन ये.’

त्या सकाळी त्यांनी पाण्याची बाटली दोनदा रिकामी केली. नंतर एका गल्लीच्या तोंडाशी उभं राहून घराघरांमधल्या दोऱ्यांवर वाळत घातलेले कपडे बघितले. ‘गिरगावात तुझ्या मावशीकडे असंच होतं,’ एवढंच म्हणाल्या. वहीत टिपण्याजोगं त्या दिवशी आम्ही काहीच पाहिलं नाही.

साडेतीनला बापलेक धुळीनं माखून परतले. चिरंजीव धापा टाकत सांगत होता, ‘आजी, पाँपेईत भर चौकात सार्वजनिक शौचालय आहे! जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीचं!’

‘हो का?’ आजी गोळ्यांची डबी उघडत म्हणाल्या. ‘आमच्या शाळेत १९९८ साली झालं.’