गोळ्यांची पिशवी

वृद्ध माणूस गप्प झाला की घरचे म्हणतात, वय झाले. चिडू लागला की म्हणतात, स्वभाव पालटला. आणि प्रार्थनेत त्याचे मन लागेनासे झाले की आम्हांस बोलावणे येते. आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद देण्याच्या निमित्ताने नगर-सोलापूर रस्त्यावरील मिरजगाव व भोवतालच्या वस्त्यांवर आम्ही जातो, तेव्हा भिंतीवरील जपमाळेशेजारी बहुधा प्लॅस्टिकची एक पिशवी टांगलेली दिसते. तीत गोळ्यांची पाकिटे असतात. कोणाच्या श्रद्धेविषयी वा स्वभावाविषयी निष्कर्ष काढण्याआधी ती पिशवी उघडून पाहावी, असे आमचे मत झाले आहे.

शरीरासाठी दिलेले औषध मनालाही स्पर्श करते, ही जाणीव वैद्यकास ज्या औषधांमुळे झाली, त्यांपैकी एकाची कथा आपल्या मुंबईशी निगडित आहे. तेथील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीने वाढलेला रक्तदाब उतरतो, हे दाखवणारा लेख १९४९ साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. १९५२ मध्ये त्या मुळीतून रेसरपिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. १९५७ मध्ये डॉ. वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार लाभला. मात्र त्याच दशकात, हे औषध घेणारे काही रुग्ण खिन्न होत असल्याच्या नोंदी डॉक्टरांनी केल्या. (आपल्या जुन्या वैद्यांना याचे नवल वाटले नसते, ते ही मुळी उन्मादावर देत आलेच होते.) हा दोष वाजवीपेक्षा मोठा मानला गेला, असेही पुढील काही अभ्यासकांनी म्हटले. तरी रक्तदाबाच्या गोळीबरोबर मनाचीही विचारपूस करावी, हा धडा राहिलाच.

आज रेसरपिन क्वचितच दिले जाते. पिशवीतील गोळ्या निराळ्या आहेत. उतारवयात यकृत व मूत्रपिंड मंदावतात, औषध शरीरात अधिक काळ रेंगाळते. डायझेपामसारखी झोपेची गोळी रात्री घेतली तरी तिची गुंगी दुसऱ्या दिवशीही उतरत नाही. दम्यावर वा सांधेदुखीवर दिलेल्या प्रेडनिसोलोनने कोणाची झोप उडते, कोणी अकारण उल्हसित होतो, कोणी संतापी. लघवीच्या गोळीने रक्तातील सोडियम उतरले तर माणूस सुस्त होतो, बरळतोही. आणि सर्दीची साधी गोळी, जिला कोणी औषध म्हणून मोजतही नाही, तिच्यातील क्लोरफेनिरामिनने वृद्धांच्या बुद्धीस भ्रम पडू शकतो.

मिरजगावाजवळील एका वस्तीवर ऐंशीच्या घरातील एक आजी आहेत. पती निवर्तल्यानंतर त्या दिवसा पेंगू लागल्या, चालताना झोके जाऊ लागले, जपमाळेचे रहस्य मध्येच विसरू लागल्या. “फादर, देवानं टाकलं मला,” असे त्या म्हणत. शेजाऱ्यांनी बाहेरची बाधा ठरवून टाकली होती. आम्ही रुग्णाभ्यंगाचा संस्कार दिला (तो केवळ मरणासन्नांसाठी असतो, हा समज अजून जात नाही) आणि पिशवी डॉक्टरांकडे नेण्यास त्यांच्या सुनेला सांगितले. अंत्यविधीनंतर चार दिवसांपुरती दिलेली झोपेची गोळी दीड वर्ष दुकानातून तशीच आणली जात होती. जोडीला रोज रात्री सर्दीची गोळी. डॉक्टरांनी सर्दीची गोळी बंद केली आणि झोपेची काही आठवड्यांत हळूहळू कमी करत आणली. गुंगी गेली, पाऊल स्थिरावले. संध्याकाळचे रडणे मात्र राहिले. ते गोळीचे नव्हते. त्यांचा धनी गेला होता.

आमचे बोलणे ऐकून कोणी पिशवीच उकिरड्यावर टाकील, याचीही आम्हांस धास्ती वाटते. झोपेची गोळी वा स्टेरॉइड एकाएकी सोडणे जिवावर बेतू शकते. रक्तदाबाची गोळी सोडल्यास पक्षाघाताचा धोका असतो. सिराखच्या ग्रंथाच्या ३८व्या अध्यायात वैद्याचा मान राखण्यास सांगितले आहे, औषधेही देवानेच भूमीतून निर्माण केली असे म्हटले आहे. तेव्हा कमी-अधिक करायचे ते डॉक्टरांनीच. आजींच्या सुनेने आता गोळ्यांची नावे एका वहीत लिहून घेतली आहेत. पुढील खेपेस कर्जतला जाताना वही आणि पिशवी दोन्ही न्यावी, असे आम्ही तिला बजावले आहे, खोकल्याच्या बाटलीसकट.